काकूंना काय हवंय, ते पत्रात नाही

पत्र: "मी ६७ वर्षांचा, जिल्हा परिषदेच्या हायस्कूलमधून निवृत्त. पत्नी ६३ वर्षांची, तिचे गुडघे दुखतात. सोलापुरातल्या जुळे सोलापूर भागात १९९८ साली बांधलेलं स्वतःचं घर आहे, गावाकडे मोहोळ तालुक्यात तीन एकर जमीन आहे. पेन्शन वेळेवर येते. एकुलती एक मुलगी बरीच वर्षं अमेरिकेत, शिकागोजवळ असते. यंदा तिला तिथलं नागरिकत्व मिळालं. तेव्हापासून तिचं एकच म्हणणं, घर विकून टाका, मी तुमचं ग्रीन कार्ड करते, कायमचे इकडे या. नात पाच वर्षांची आहे. २०२१ च्या मे महिन्यात माझी अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट आहेत. तेव्हा कोरोना होता आणि तिचं बाळ लहान होतं, म्हणून तिला येता आलं नाही. पत्नी जायला लगेच तयार झाली. तिला नातीची ओढ आहे, बाकी विचार ती करत नाही. मला मात्र इथून हलायचं नाही. सकाळी संभाजी तलावावर आमचा दहा जणांचा ग्रुप असतो. जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा मी चाळीस वर्षांत चुकवलेली नाही. मित्र म्हणतात, तिकडे गेलास तर पिंजऱ्यातला पोपट होशील. एका दलालाने घराला गिऱ्हाईक आणलं आहे, दिवाळीपर्यंत सांगा म्हणतो. व्हिसा आमच्याकडे पूर्वीच काढलेला, दहा वर्षांचा आहे. एकदाच, उन्हाळ्यात दोन महिने जाऊन आलो. काय करावं?"

काका, नमस्कार.

उत्तर मोठं आहे, पण त्यातली एक गोष्ट आजच करायची आहे, म्हणून ती आधी सांगते. दलालाला फोन करा आणि घर विकायचं नाही म्हणून कळवा. दिवाळीची मुदत त्याची आहे, तुमची नाही. उद्या तुम्ही दोघांनी कायमचं जायचं ठरवलंत, तरी घर विकायचा विषय तिथे दोन हिवाळे काढल्याशिवाय काढू नका. का, ते पुढे सांगते.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात तलाव आहे, ग्रुप आहे, गड्डा आहे, जमीन आहे, पेन्शन आहे. काकूंबद्दल मात्र एवढंच, की गुडघे दुखतात, नातीची ओढ आहे आणि बाकी विचार त्या करत नाहीत. या शेवटच्या शब्दांपाशी मी अडले. इतकी वर्षं ज्या घरात संसार केला, ते सोडायला एखादी बाई "लगेच" तयार होते, तेव्हा तिने विचारच केला नाही असं मला वाटत नाही. तिचा विचार फार आधी करून झालेला असतो. तिला कुणी विचारलेलं नसतं, इतकंच.

मीही याच गावात राहते, त्यामुळे तुम्ही न लिहिलेलं थोडंफार मला दिसतं. आपल्याकडे नळ चार-चार, पाच-पाच दिवसांनी येतो. कधी पहाटे तीनला, कधी रात्री अकराला. पाण्याच्या दिवशी तुमच्याकडे कोण उठतं? पिण्याचं आधी भरून घ्यायचं म्हणून घागरी कोण विसळतं, वाकून हौदात पाइप कोण सोडतं, वरची टाकी भरेपर्यंत मोटरीच्या आवाजाकडे कान देऊन ओट्याला टेकून कोण उभं राहतं? तुम्ही उठत असाल तर मला मनापासून आनंद होईल. पण आमच्या गल्लीत पंचवीस वर्षं मी ऐकते आहे. नळ आला की आधी बायकांच्या चपला वाजतात, मग दारं उघडतात, मग एकमेकींना हाका. पुरुष सकाळी उठून विचारतात, पाणी आलतं का रात्री?

वर मे महिन्यात त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांत तापलेला स्लॅब, आणि त्याच्याखाली भाकरीचा तवा. तुम्ही अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालात, सत्कार झाला असेल, शाल-श्रीफळ मिळालं असेल. काकू अजून निवृत्त झालेल्याच नाहीत. तुमच्यासाठी सोलापूर म्हणजे मोकळी सकाळ आणि तलावावरचा वारा. त्यांच्यासाठी तेच गाव नोकरीच्या जागेसारखं असू शकतं. म्हणून त्यांना जायचं का, असा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर त्यांनी देऊन टाकलंय. रात्री जेवणं झाल्यावर, मुलीचा फोन चालू नसताना विचारा, इथल्या दिवसातलं तुला काय नको झालंय? आणि त्या बोलत असताना मध्ये काही समजावून सांगू नका.

तिकडेही काकूंची वाट पाहत विश्रांती बसलेली नाही, हेही तेवढंच खरं. नात पाच वर्षांची, म्हणजे ती आता दिवसभराच्या शाळेत जाणार. मुलगी-जावई कामावर. सकाळी आठनंतर दुपारी शाळेची बस येईपर्यंत घरात तुम्ही दोघंच. तुम्ही पाहिलंत तो तिकडचा उन्हाळा, लांबलचक संध्याकाळी, अंगणात बार्बेक्यू. शिकागोच्या बाजूला डिसेंबरात साडेचारच्या आत सूर्य मावळतो. तापमान शून्याच्या खाली जातं आणि आठवडेच्या आठवडे तिथेच राहतं. फुटपाथवर बर्फ, गाडीशिवाय साधं दुकान गाठता येत नाही. काकू इथे मंडईत कानडीत घासाघीस करतात, पूर्व भागात गेल्या तर तेलुगूत चार शब्द बोलतात, घरी मराठी. सोलापूरच्या कुठल्याही बाईसारख्या तीन भाषांत वावरतात. तिथे चौथ्या भाषेत त्यांना मुकं बसावं लागेल. आठवड्यातून एकदा शिकागोजवळच्या ऑरोराच्या बालाजी मंदिरात, महिन्यातून एकदा महाराष्ट्र मंडळात तोंड उघडेल. मधले दिवस कसे जातात, ते मी जवळून पाहिलंय.

वडील २०१२ मध्ये गेले तेव्हा आई ७१ वर्षांची होती. भाऊ न्यू जर्सीत. मंगळवार पेठेतलं घर त्याच वर्षी विकलं. एकटीला एवढं घर कशाला, असं आम्ही ठरवलं. आम्ही म्हणजे मी आणि भावाने. आईने कागदांवर सह्या केल्या. भाऊ वाईट नव्हता हो, आठवड्यातून दोनदा ऑफिसातून लवकर निघून तिला देवळात न्यायचा. मायक्रोवेव्हचं कुठलं बटण दाबायचं ते तिला कळावं म्हणून वहिनीने त्या बटणावर लाल टिकली चिकटवली होती. टिकली वाफेने निघायची, आई तिच्या पाकिटातली नवी लावायची. दुपारी तीन वाजले की खिडकीशी उभी, पिवळी बस दिसेपर्यंत. भावाने तिच्यासाठी कपाटाचे दोन खण रिकामे करून दिले होते. मी वर्षभराने तिला भेटायला गेले तेव्हा ते दोन्ही रिकामेच होते. साड्या बॅगेत, बॅग पलंगाखाली. मी म्हटलं, लाव ना गं कपाटात. म्हणाली, असू दे, पटकन निघायचं झालं तर.

दुसऱ्या हिवाळ्यात ती दारातल्या बर्फावरून घसरली, मनगट मोडलं. विमा होता, पण तिच्या हाडांचं दुखणं जुनं आहे असं सांगून विमावाल्यांनी पैसे अडवले. भावाने ते हप्त्याहप्त्याने फेडले आणि आईला कधी आकडा सांगितला नाही. चौदा महिन्यांनी ती परत आली. पण परत कुठे येणार? घर विकलेलं. ती माझ्याकडे आली, शेवटपर्यंत माझ्याकडेच राहिली आणि शेवटपर्यंत आल्यागेल्याला सांगत राहिली की मी सध्या मुलीकडे असते. ते "सध्या" अजून माझ्या कानात आहे. घराचं मी एवढं का लावून धरते, ते तुमच्या लक्षात आलं असेल.

आता कागदांचं. मुलगी नागरिक झाली आणि २१ वर्षांच्या वर आहे, म्हणून ती आईवडिलांसाठी अर्ज करू शकते. या नात्याला वार्षिक कोट्याची रांग नसते. दोघांचे अर्ज वेगवेगळे होतात. या प्रक्रियेत तिला लिहून द्यावं लागतं की तुमचा आर्थिक भार ती उचलेल. ते कायद्याने बांधणारं आहे, तिच्या संसाराला बांधणारं. तेव्हा जावयालाही यात मोकळेपणाने बोलू द्या.

ग्रीन कार्ड हे तिथे राहण्यासाठी असतं. सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे असं अनेकांच्या मनात असतं, तुमच्याही असेल. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात की परत जाताना विमानतळावर प्रश्न सुरू होतात. परवाना न घेता वर्षाहून जास्त राहिलात तर कार्ड सोडून दिलं असंच धरतात. आधी री-एंट्री परमिट, म्हणजे परत येण्याचा तो परवाना, काढलं तर दोन वर्षांपर्यंत सवलत मिळते, पण तो दरवर्षी गड्ड्याला यायचा रस्ता नव्हे. ज्याला वर्षातले सात-आठ महिने सोलापुरात काढायचे आहेत त्याने ग्रीन कार्डाच्या फंदात पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला पाहुण्यांचा व्हिसा पुरतो. त्यावर एका वेळी साधारण सहा महिने राहू देतात. फक्त एकदा ग्रीन कार्डाचा अर्ज टाकला की पाहुणा म्हणून उतरताना, तुम्ही कायमचेच आलात की काय, अशी शंका ते घेऊ शकतात. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी राहून बघा, मग अर्ज.

पैशांचंही सांगते, कारण याचा विचार कुणी करत नाही. ग्रीन कार्ड मिळाल्यापासून तुमचं जगभरातलं उत्पन्न तिथल्या विवरणपत्रात दाखवावं लागतं. पेन्शन, एफडीचं व्याज, शेताचा खंड, सगळं. दोन देशांत कराचा करार आहे, पण कागद भरायचे चुकत नाहीत. भारतातल्या तुमच्या सगळ्या खात्यांतली रक्कम मिळून वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तरी त्याची वेगळी माहिती द्यावी लागते. निवृत्त शिक्षकाची पुंजी तेवढी सहज असते. इकडे बँकेतलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं, करून घ्यावं लागतं, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं खातं नव्याने उघडता येत नाही. मोहोळची जमीन तुमचीच राहील, ती कुणी काढून घेत नाही. पण अनिवासी झाल्यावर नवी शेतजमीन विकत घेता येत नाही आणि आहे ती विकायची तर इथे राहणाऱ्या भारतीयालाच.

सगळ्यात अवघड भाग दवाखान्याचा. तिथली मेडिकेअर योजना ६५ वर्षांवरच्यांसाठी आहे, पण तुमच्यासारख्या नव्याने गेलेल्यांना ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षं राहिल्याशिवाय तिच्यात शिरता येत नाही. आणि तिथे कधी नोकरी करून कर भरलेला नसल्याने रुग्णालयाच्या भागाचा हप्ताच माणशी महिन्याला पाचशे डॉलरच्या वर जातो, डॉक्टरांच्या भागाचा वेगळा. तोवर खासगी विमा. पाहुणा म्हणून जाताना जो विमा मिळतो, त्यात आधीपासूनचे आजार बहुतेक वगळलेले असतात, म्हणजे नेमके तुमचे स्टेंट. इकडे ७० पूर्ण झाली की आयुष्मान भारतचं वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार. तुम्हाला अजून तीन वर्षं आहेत. तोपर्यंतचा आरोग्य विमा चालू असेल तर तो तोडू नका.

म्हणजे राहावं सोलापुरात, असं म्हणून पत्र संपवता आलं असतं. पण त्या पाच वर्षांत एक मेख आहे. काकू ६३ व्या वर्षी गेल्या तर ६८ व्या वर्षी मेडिकेअरच्या दारात असतील. ७५ व्या वर्षी गेल्या तर ऐंशीव्या. आपल्याकडची माणसं नेमकी तेव्हाच जातात. एकजण गेला की उरलेल्याला मुलं घेऊन जातात, दुःखात, घाईत, गुडघे आणि साखर आणि रक्तदाब बरोबर घेऊन. माझी आई अशीच गेली. ज्यांचं तिकडे बरं चाललंय अशी जोडपीही मला माहीत आहेत. त्यातली बहुतेक साठीच्या आसपास गेली, निदान एकाने गाडी चालवायचं लायसन्स काढलं आणि मुलाच्या हातून न घेता खर्चाला स्वतःचे पैसे ठेवले. तेव्हा "बघू पुढे" हा सगळ्यात महागडा निर्णय आहे. जायचं तर तुमच्या हातीपायी बळ असताना. नाही जायचं तर तेही आत्ताच, दोघांनी समोरासमोर बसून, पुढची तजवीज करून.

आणि ती तजवीज कुणासाठी, हे मला तुमच्याकडून ऐकायचं आहे. काका, वाईट वाटून घेऊ नका. तुमच्यापेक्षा चार वर्षांनी लहान बायको, तुमच्या छातीत दोन स्टेंट. देव तुम्हाला शंभर वर्षं देवो, पण मागे राहण्याची पाळी बहुधा काकूंची आहे. तुम्ही ६७ व्या वर्षीच्या तुमच्या सकाळीचा विचार करून मला विचारताय. मला त्यांची ७५ व्या वर्षीची संध्याकाळ दिसते. त्या दिवशी त्या जुळे सोलापूरच्या घरात एकट्या असतील, की मुलीच्या घरी पलंगाखाली बॅग ठेवून? बँकेचा व्यवहार त्यांना येतो का? तुमच्या माघारी त्यांना कुटुंब निवृत्तीवेतन मिळेल, त्याचे कागद, संयुक्त खातं, वारसाची नोंद जागेवर आहे का? मृत्युपत्र केलंय का? तलावावरच्या दहा जणांपैकी किती जणांच्या बायका काकूंना नावाने ओळखतात?

मुलीबद्दलही थोडं. तुम्ही तिचा मे २०२१ एका ओळीत लिहून पुढे गेलात. ती अजून तिथेच असावी असं मला वाटतं. बाप ऑपरेशन टेबलवर, आई दवाखान्याबाहेर एकटी, आणि ती मांडीवर तान्हं बाळ घेऊन फोन धरून. घर विका, कायमचे या, हा हट्ट तिथून येतो. तिला त्या रात्रीचा फोन परत यायला नको आहे. तिला अमेरिका-सोलापूर असा हिशोब सांगू नका. पुन्हा असं काही झालं तर पहिल्या तासात काय होईल, ते सांगा. गाडी कोण काढेल, कुठल्या दवाखान्यात नेतील, फाइल कुठे आहे, पैसे कोण भरेल, तिला कोण फोन करेल. शेजारच्या दोघांचे आणि डॉक्टरांचे नंबर तिच्याकडे असू द्या. तिचा जीव निम्मा तिथेच खाली बसेल.

माझा कल विचाराल तर तुम्ही दोघांनी सोलापुरात राहावं आणि वर्षाआड चार-पाच महिने तिकडे जावं, असा आहे. पण एका अटीवर. सोलापूर काकूंना राहण्यासारखं करायचं. हौदाला आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह आणि मोटरीला सेन्सर बसवा, हौद-टाकीसाठी रात्री उठायचं काम संपेल. पिण्याचं पाणी भरायला तुम्ही उठा. झोपायची खोली वर असेल तर खाली आणा. बाथरूममध्ये धरायला दांडा, कमोड. स्वयंपाकाला बाई लावा, "तिला बाईच्या हातचं चालत नाही" हे काकूंनी स्वतः म्हटलं तरच खरं धरा. गुडघ्यांच्या डॉक्टरांकडे या महिन्यात जा आणि तुम्ही सोबत जा. हे सगळं करूनही त्या म्हणाल्या की मला लेकीजवळच राहायचं आहे, तर मग अर्ज करा, आणि तुम्ही मनापासून जा, ओढत नेल्यासारखे नको.

त्याआधी मात्र या हिवाळ्यात राहून या. उन्हाळ्यात नको, तो तुम्ही पाहिलाय. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बँकेत हयातीच्या दाखल्याचं काम उरका आणि निघा, मार्चअखेर परत या. जाण्यापूर्वी हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा, औषधं पुरेशी घ्या, चिठ्ठी त्यांच्या सहीची. विमा घेताना आधीच्या आजाराचं कलम मुलीला शब्दन् शब्द वाचायला सांगा. तिकडे पाहुण्यासारखं राहू नका. एक रविवार सोडला तर बाहेर फिरायला नेऊ नका म्हणून मुलीला सांगा. मंगळवारची दुपार कशी जाते ते बघायचंय. घर बंद करताना पाण्याची टाकी रिकामी करा, शेजाऱ्यांकडे किल्ली द्या. भाड्याने द्यायचं झालं तर नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्स करार केल्याशिवाय कुणाला आत घेऊ नका, ओळखीचा असला तरी.

यंदाचा गड्डा चुकेल. जानेवारीत नंदीध्वज निघतील, अक्षता पडतील, होम मैदानावर गर्दी उसळेल, आणि तुमच्याकडे तेव्हा रात्र असेल. ग्रुपमधल्या कुणाला तरी व्हिडिओ कॉल लावायला सांगा. चाळीस वर्षं तुम्ही जाऊन आलात, त्या चाळीस वेळा काकू कुठे होत्या, यात्रेत की घरी शेंगापोळ्या लाटत, तेही त्या रात्री त्यांना विचारा.

हे उत्तर त्यांना वाचून दाखवू नका, त्यांच्या हातात द्या. आणि त्यांना मला लिहायचं असेल तर वेगळं पत्र लिहू द्या, तुमच्या पत्रात दोन ओळी जोडून नको. कानडीत लिहिलं तरी चालेल, मला वाचता येतं.